चाचणीपुरता अपवाद

दोन वर्षांपूर्वी मी एक बटण बनवलं. अर्ध्या दिवसाचं काम होतं. कारखान्यांमधल्या क्रेन, होइस्ट, साखळ्या, वायर रोप यांची तपासणी करून देणाऱ्या एका संस्थेसाठी आमची टीम मोबाइल अ‍ॅप करत होती. तपासणीला गेलेल्या माणसाने फोनवरच फॉर्म भरायचा, फोटो काढायचे, सही करायची, की पीडीएफ तयार. एका क्रेनच्या फॉर्ममध्ये साठेक रकाने होते. क्लायंटकडचा माणूस कॉलवर म्हणाला, "अहो, दरवर्षी तीच क्रेन असते. सगळं परत परत कशाला टाइप करायचं?" मुद्दा बरोबर होता. मी 'मागील तपासणीवरून भरा' असं एक बटण दिलं. ते दाबलं की गेल्या वर्षीचा अख्खा फॉर्म आजच्या तारखेने भरून यायचा. डेमोमध्ये सगळ्यात जास्त दाद याच बटणाला मिळाली.

अख्खा फॉर्म म्हणजे अगदी अख्खा. क्रेनचा नंबर, क्षमता, गर्डरची लांबी हे तर आलंच, ते काही वर्षागणिक बदलत नाही. पण हुकच्या तोंडाचं माप, ब्रेकची स्थिती, वजन उचलल्यावर गर्डर किती मिलिमीटर वाकला, हेही आलं. माझ्या लेखी हे सगळे एकाच टेबलमधले कॉलम होते. काही रकाने वस्तूबद्दल असतात आणि काही रकाने कुणीतरी त्या दिवशी वर चढून बघितल्याबद्दल असतात, हा फरक डेटाबेसला कळत नाही. मलाही कळला नव्हता.

पुढे एका बगच्या मागे लागून जुना डेटा चाळत होतो, तेव्हा दिसलं की काही क्रेनचे गर्डर सलग दोन वर्षं दशांशापर्यंत तेवढेच वाकले आहेत. खरंही असू शकतं. स्टील आज्ञाधारक असतं, तेवढ्याच वजनाला तेवढंच वाकतं. म्हणजे आकडा बरोबर असण्याची शक्यता चांगलीच होती. तरी पोटात काहीतरी हललं, आणि का हललं ते मला नीट सांगता येईना.

माझी पदवी मेकॅनिकलची आहे, पण क्रेनची लोड टेस्ट मी कधी पाहिली नव्हती. (हे वाक्य आपल्याकडच्या इंजिनिअरिंगच्या शिक्षणाबद्दल बरंच काही सांगतं, ते असो.) त्या संस्थेतल्या एका ज्येष्ठ तपासनीस साहेबांना विचारलं, एकदा येऊ का बघायला? ते म्हणाले, "या. सेफ्टी शूज घालून या, सँडल नको."

चाकणच्या पलीकडची एक फॅब्रिकेशनची शेड. शेडच्या दोन्ही बाजूंना उंचावर रूळ, त्यांवर चालणारा १८ मीटरचा आडवा गर्डर, गर्डरवर ट्रॉली, ट्रॉलीतून वायर रोपवर लोंबणारा हुक. याला ईओटी क्रेन म्हणतात. गर्डरवर पिवळ्या रंगावर काळ्या अक्षरांत लिहिलेलं: १० टन.

मला वाटलं होतं, वजन उचलायचं आणि बघायचं, झालं. पण पहिला दीड तास वजनाला कुणी हातही लावला नाही. साहेबांनी वायर रोपवरून सुती चिंधी फिरवली. तुटलेली बारीक तार डोळ्यांना दिसत नाही, पण चिंधी तिच्यात अडकते. हुकचं तोंड मापलं. चांगला हुक जास्त भाराने एकदम तुटत नाही, आधी उघडत जातो. तो आपल्याला इशारा देत असतो, आणि म्हणून ते माप मागच्या मापाशी ताडून बघायचं असतं. मग रिकामा हुक वर नेऊन लिमिट स्विच त्याला थांबवतो का ते पाहिलं. ब्रेक पाहिले. वजन म्हणून ठेवलेल्या बिलेट आणि प्लेटांच्या वजनकाट्याच्या पावत्या मागवल्या आणि त्यांची बेरीज स्वतः केली. मग आधी १० टन. उचला, चालवा, थांबवा, खाली ठेवा.

आणि मग साडेबारा. १० टनांच्या क्रेनवर साडेबारा टन, म्हणजे क्षमतेच्या १२५ टक्के. हा आकडा जगभर जवळजवळ सारखाच दिसतो. आयएसओ ४३१० या मानकात स्थिर चाचणी १२५ टक्क्यांची आणि हालचालीसह चाचणी ११० टक्क्यांची आहे. अमेरिकेतल्या 'ओशा'च्या नियमात तर तो आकडा वरची मर्यादा म्हणून येतो: उत्पादकाने वेगळं सांगितलं नसेल, तर चाचणीचा भार १२५ टक्क्यांहून जास्त नको. म्हणजे चाचणीलाही लगाम आहे. मला याची गंमत वाटली, कारण आमच्या धंद्यात लोड टेस्ट हाच शब्द वापरतात आणि आम्ही तिथे काय करतो, तर सर्व्हर पडेपर्यंत ट्रॅफिक वाढवत नेतो. पडला की कळतं, अमुक हजार युजर. रीस्टार्ट करतो आणि चहाला जातो. क्रेनला रीस्टार्ट नाही. तिची खरी मर्यादा जाणून घ्यायची, तर तिला मोडावं लागेल, आणि मोडलेल्या क्रेनबद्दलचं ज्ञान कुणाला हवंय? वायर रोपच्या बाबतीत हे करतात: बंडलातला एक तुकडा मुद्दाम तुटेपर्यंत ताणतात. पण जो तुकडा तुटला त्याने आपल्या भावंडाबद्दल सांगितलं, स्वतःबद्दल सांगून त्याचा काही उपयोग नव्हता. ड्रमवर गुंडाळलेल्या रोपबद्दल आपण कायम थोडे अंधारातच असतो.

तर साडेबारा टन. शेडचा तो भाग पिवळ्या पट्टीने बंद केला. "खाली कोण नाय ना?" अशी तीनदा हाळी झाली. वजन जमिनीपासून जेमतेम वीतभर उचललं आणि तिथेच ठेवलं. दहा मिनिटं. लेव्हलच्या दुर्बिणीतून एक जण गर्डरच्या मध्यावर टांगलेली पट्टी बघत होता. १४ मिलिमीटर. एरवी ग्राइंडरच्या आवाजाने भरलेल्या त्या शेडमध्ये कुणीच बोलत नव्हतं. मग वजन खाली टेकवलं आणि पुन्हा पट्टी पाहिली. गर्डर मूळ जागी आला होता. साहेब म्हणाले, "किती वाकला यापेक्षा परत आला का, ते जास्त महत्त्वाचं. परत नाही आला, तर तो आता दुसराच गर्डर झाला."

हे सगळं मी सलग सांगितलं, पण मधली एक गोष्ट गाळली. आधुनिक क्रेनवर ओव्हरलोड लिमिटर असतो. क्षमतेहून जास्त वजन जाणवलं की तो वर उचलण्याची आज्ञा तोडतो. साहजिकच साडेबारा टनांच्या चाचणीसाठी तो तेवढ्यापुरता बायपास करावा लागतो. त्यासाठी इलेक्ट्रिशियनने पॅनल उघडलं, तर बायपास आधीच केलेला होता. वायरचा एक छोटा तुकडा, दोन टर्मिनलांमध्ये, त्यावर व्यवस्थित धूळ.

कुणी काही बोललं नाही. साहेबांनी फोटो काढला. नंतर चहाच्या वेळी मी क्रेन ऑपरेटरला विचारलं, "मामा, एरवी दहाच्या वर कधी उचलता का?" मामांची तिथे वीसेक वर्षं झालेली. ते म्हणाले, "साडेअकराचा जॉब असतोय की, महिन्यातनं एक-दोनदा. काय होत नाय. क्रेन दणकट हाय."

भारतात हा विषय ज्या कायद्याने कित्येक दशकं सांभाळला, त्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाचं २९ वं कलम उचलण्याच्या यंत्रांबद्दल आहे. सक्षम व्यक्तीने १२ महिन्यांतून किमान एकदा कसून तपासणी करावी, सुरक्षित भाराचा आकडा यंत्रावर ठळक लिहावा, आणि त्या आकड्यापलीकडे यंत्रावर भार टाकू नये. याला अपवाद एकच दिला आहे: चाचणीसाठी असेल तर.

या अपवादाने मला बरेच दिवस छळलं. कारण स्टीलच्या दृष्टीने पाहिलं, तर मामांचे साडेअकरा टन साहेबांच्या साडेबारा टनांपेक्षा कमीच आहेत. जे वजन एका सकाळी रीतसर उचललं गेलं, त्याहून कमी वजन दुसऱ्या दिवशी उचललं तर तो गुन्हा कसा? मामांचा युक्तिवाद अडाणी नाही. उलट साहेबांनी आज त्याला पुरावाच दिला: बघा, साडेबाराला काही झालं नाही.

फरक वजनात नाही, वजनाच्या आजूबाजूला आहे. चाचणीच्या सकाळी खालची जमीन मोकळी होती. वजन वीतभरच उचललं होतं, पडलं असतं तर फरशी फुटली असती. सगळ्यांचे डोळे गर्डरवर होते आणि जे दिसलं ते लिहून ठेवलं गेलं. साडेअकराच्या जॉबच्या दिवशी वजन डोक्याच्या वर असतं, त्याला दिशा द्यायला दोरी धरून एक कंत्राटी हेल्पर चालत असतो, शेजारच्या टेबलावर वेल्डर खाली मान घालून काम करत असतो, आणि गर्डरकडे कुणीही बघत नसतं. 'यंत्र हे सहन करेल का?' हा प्रश्न दोन्ही दिवशी तोच विचारला जातो. म्हणजे मामा करतात तीही लोड टेस्टच आहे. फक्त जमीन मोकळी न करता केलेली, आणि उत्तर न नोंदवता. त्या हेल्परला आपण एका प्रयोगात उभे आहोत हे कुणी सांगितलेलं नसतं. आमच्याकडे 'प्रॉडक्शनमध्ये टेस्टिंग' हा विनोद आहे, टी-शर्टवर छापतात. तो टी-शर्ट माझ्याकडेही आहे.

"काय होत नाय" या वाक्याचा तत्त्वज्ञानात एक जुना पत्ता आहे. विल्यम किंग्डन क्लिफर्ड हा इंग्रज गणिती. १८७० मध्ये सूर्यग्रहण पाहायला निघालेल्या मोहिमेत त्याचं जहाज सिसिलीच्या किनाऱ्याजवळ फुटलं होतं, तो वाचला. १८७७ मध्ये त्याने श्रद्धेच्या नीतीवर एक निबंध लिहिला आणि त्यात एका जहाजमालकाचं उदाहरण घेतलं. जहाज जुनं, डागडुजी झालेलं. स्थलांतरितांना घेऊन ते निघणार आहे. मालकाच्या मनात शंका येते, तपासणी करून घ्यावी का? खर्च होईल. मग तो स्वतःला समजावतो: इतके प्रवास केले, इतकी वादळं पाहिली, याही वेळी परत येईल. हळूहळू त्याचा खरोखर विश्वास बसतो. जहाज बुडतं. क्लिफर्ड म्हणतो, मालक अपराधी आहे, त्याचा विश्वास अगदी प्रामाणिक असला तरी, कारण समोरच्या पुराव्यावरून तसा विश्वास ठेवण्याचा त्याला हक्कच नव्हता. आणि मग तो खरी गोची करतो. समजा, जहाज बुडालंच नाही. सुखरूप गेलं, पुढेही अनेकदा गेलं. त्याने मालकाचा अपराध कमी झाला का? क्लिफर्डचं उत्तर: तसूभरही नाही. फक्त तो कधी पकडला जाणार नाही.

हे उत्तर मला आधी जरा कडक वाटायचं. व्यवहारात आपण असा विचार करत नाही. दोन कारखान्यांनी सारखाच हलगर्जीपणा केला, एकाची क्रेन पडली, दुसऱ्याची नाही, तर पोलीस पहिल्याकडेच जातात, आणि आपला रागही तिकडेच जातो. निकाल लागल्याशिवाय नैतिक हिशोब मांडायची आपल्याला सवय नाही. पण ज्या कामात निकाल वीस वर्षांत एकदाच लागतो, तिथे निकालाची वाट पाहणं म्हणजे वीस वर्षं काही न पाहणं. त्या धुळीने भरलेल्या वायरच्या तुकड्याकडे बघताना मला क्लिफर्ड पटला.

त्याच काळातली आणखी एक गोष्ट. जहाजांवर किती माल लादायचा याची रेषा बाहेरून रंगवणं ब्रिटनमध्ये १८७६ च्या कायद्याने सक्तीचं झालं. सॅम्युअल प्लिमसोल या खासदाराने त्यासाठी जिवाचं रान केलं होतं. पण त्या कायद्यात रेषा हवी एवढंच ठरलं. ती कुठे काढायची हे पुढची बरीच वर्षं मालकाच्याच मर्जीवर होतं. रकाना सक्तीचा, आत काय भरायचं ते तुम्ही बघा. मी बनवलेलं अ‍ॅप याहून फार वेगळं नव्हतं.

आता दुसरी बाजू, कारण मी लोड टेस्टची आरती करायला बसलेलो नाही. १ ऑगस्ट २०२० रोजी विशाखापट्टणमच्या हिंदुस्तान शिपयार्डमध्ये ७० टनी क्रेन कोसळली आणि ११ जणांचा जीव गेला. ती छताखालची ईओटी नव्हती, गोदीतली उंच क्रेन होती, आणि ती कोसळली तेव्हा तिची चाचणीच चालू होती. म्हणजे चाचणी हा सुरक्षित बाजूला उभं राहून विचारलेला प्रश्न नसतो. क्रेन पेलणार नाही, ही शक्यता खरोखर शिल्लक असते म्हणूनच तर चाचणी करायची. 'चाचणीसाठी असेल तर' हा अपवाद मग फार महाग आहे. तो वापरणाऱ्याने जमीन मोकळी केली नाही, तर त्याच्यात आणि मामांच्या साडेअकरात काय उरलं?

आणि चाचणीत पास झालेली क्रेन तरी काय सांगते? धातू एका मोठ्या भाराने मोडतो तसाच हजारो लहान भारांनीही मोडतो, हे जर्मनीत ऑगस्ट व्योलरने रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून १८६० च्या दशकात दाखवलं. वेल्डच्या कडेला वाढत चाललेली बारीक भेग साडेबारा टन आज पेलेल आणि पुढच्या दिवाळीत आठ टनांना सोडून देईल. ती शोधायला दुसऱ्या परीक्षा लागतात, रंगद्रवाच्या, चुंबकीय कणांच्या. शिवाय योग्य वजनाची पण चुकीच्या जातीची क्रेन असेल, तर भाराच्या आकड्याने ते कळतच नाही. १८ एप्रिल २००७ ला चीनच्या ल्याओनिंग प्रांतात एका पोलाद कारखान्यात सुमारे ३० टन वितळलेल्या पोलादाचं भांडं क्रेनवरून निसटलं आणि ३२ कामगार गेले. पाळी बदलायची वेळ होती, ते जवळच्या खोलीत जमले होते. वितळलेल्या धातूसाठी खास क्रेन लागते, तिथे साधी वापरली होती, असं चौकशीत निघालं.

मग त्या सहीचा अर्थ काय? मी स्वतःला हे बरेच दिवस विचारत होतो. 'ही क्रेन सुरक्षित आहे' असा तो असूच शकत नाही. कुणीही शहाणा माणूस पुढच्या १२ महिन्यांचं असं वचन देणार नाही. माझ्या मते त्या सहीत एवढंच म्हटलेलं असतं की अमुक तारखेला मी तिथे होतो, आणि मला हे दिसलं. ती साक्ष असते. असं धरलं की माझ्या पोटात काय हललं होतं ते मला सांगता येतं. गेल्या वर्षीचे १४ मिलिमीटर या वर्षी जसेच्या तसे चिकटवले, आणि गर्डर योगायोगाने खरंच १४ मिलिमीटर वाकणारा निघाला, तर आकडा खरा आणि साक्ष खोटी. कोर्टात घटनास्थळी नसलेल्या माणसाने अंदाजाने बरोबर हकिगत सांगितली, तर तिला आपण खरी साक्ष म्हणत नाही.

ज्या माणसांनी ते बटण दाबलं ते बदमाश होते असं मला वाटत नाही. दिवसाला चार कारखाने, उन्हाळ्यात छताखाली ४५ अंश, मॅनेजर म्हणतोय क्रेन अर्ध्या तासापेक्षा जास्त थांबवता येणार नाही, बिलेट आणायला ट्रेलर नाही. आणि हातातला फोन सांगतोय, इथे दाब, मी भरतो. त्यांनी कदाचित खरंच बघितलंही असेल, आणि फक्त टाइप करण्याचा कंटाळा केला असेल. माझ्या डेटाबेसमधून हे दोन प्रकार वेगळे करता येत नाहीत. एका अर्थाने माझा अपराध तिथेच आहे: बघणारा आणि न बघणारा, दोघांच्या सह्या मी हुबेहूब सारख्या करून ठेवल्या.

चाकणहून आल्यावर मी मेल लिहिला. प्रॉडक्ट मॅनेजरचं पहिलं उत्तर होतं, "क्लायंटने मागितलेलं फीचर आपण का काढायचं?" त्यात तथ्य होतं, आणि त्या आठवड्यात मी फार काही लढलो असंही नाही. नंतर त्या तपासनीस साहेबांनीच त्यांच्या संस्थेत विषय काढला म्हणून गाडी हलली. आता ते बटण फक्त न बदलणारे रकाने भरतं. मापांचे रकाने कोरे येतात, आणि गेल्या वर्षीचा आकडा तुम्ही यंदाचा टाकल्यावरच दिसतो. प्ले स्टोअरवर त्यानंतर दोन नवे रिव्ह्यू आले, दोन्ही एका स्टारचे: अपडेटनंतर अ‍ॅप स्लो झालं. आधीच्या दोन वर्षांचे फॉर्म आहेत तसेच आहेत, सगळे हिरव्या टिकेचे. त्यांतले कोणते बघून भरलेले आहेत, मला माहीत नाही, आणि आता कळायचा मार्गही नाही. त्यातल्या कित्येक क्रेनखाली या क्षणी कुणीतरी काम करत असेल.

त्या दिवशी चाचणी संपल्यावर साहेबांनी इलेक्ट्रिशियनला तो वायरचा तुकडा काढायला लावला आणि लिमिटर जागेवर सेट करून घेतला. मॅनेजर म्हणाला, "झालं ना साहेब, पास?" साहेब म्हणाले, "एक मिनिट." साडेबारा टनांचा ढीग अजून हुकलाच होता. त्यांनी मामांना तो उचलायला सांगितला. मामांनी पेंडंटवरचं वरचं बटण दाबलं. स्लिंग ताणले गेले, वर पॅनलमध्ये खट्ट असा आवाज झाला, आणि हुक तिथेच थांबला. मामांनी बटणावरून अंगठा काढला, पुन्हा दाबला. पुन्हा खट्ट.

"आता त्या साडेअकराच्या जॉबचं काय करायचं?" मामांनी मॅनेजरला विचारलं.